हळदीचे चिनी भाऊबंद

औषधाच्या पुडीवरून इतिहासाकडे वळण्याचा प्रसंग माणसावर क्वचितच येतो. आम्हांवर तो आला, आणि तोही बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत, जिथे मुळ्यापाल्याची आठवण होण्याचे काही कारण नाही. आमचे एक स्नेही कामानिमित्त महिनाभर चीनमध्ये राहून परतले. येताना त्यांनी आईच्या गुडघेदुखीसाठी तिकडच्या एका सहकाऱ्याने दिलेली सुक्या चकत्यांची पुडी आणली. ‘हळदीच्या कुळातले मूळ आहे, उकळून घ्यावे,’ एवढाच खुलासा त्या सहकाऱ्याने केला होता. चकत्या टणक, करड्या रंगाच्या, मधूनच निळसर झाक असलेल्या. मातोश्री सांगलीकडच्या. त्यांनी एक चकती मोडली, नाकाशी नेली आणि निर्णय दिला, “अरे, हा तर कचोरा! दिवाळीच्या उटण्यात घालतो तो. हा कुणी पोटात घेतं का?” चिरंजीव म्हणाले, “आई, तिकडे घेतात. शेवटी हळदच की ती.” वाद मिटेना, तेव्हा पुडी आमच्याकडे आली. “तुम्ही जुनी पुस्तकं चाळता. तुम्हीच सांगा, हे काय आहे ते,” असे मातोश्री म्हणाल्या.

आम्ही वैद्य नव्हे. परंतु प्रश्न नावाचा होता, आणि नावाचा प्रश्न हा पुष्कळदा इतिहासाचाच प्रश्न असतो. शिवाय आम्ही जिथे राहतो त्या जागेलाही नावाखाली झाकलेला इतिहास आहे. १९७८ च्या सुमारास कर्नाटक राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने, रा. कृ. बाळिगा यांच्या कल्पनेप्रमाणे, होसूर रस्त्यालगतच्या कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या सुमारे ३३२ एकर भूमीवर ही वसाहत उभारण्यास आरंभ केला. आज तेथे काचेच्या इमारती आहेत. २०१० पासून डोक्यावरून उन्नत मार्ग गेला आहे आणि ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोही धावते. तरी स्थानकाच्या नावात ‘अग्रहार’ हा शब्द टिकून राहिला आहे. गाव दिसेनासे होते, नाव मागे राहते. औषधींचे बरोबर उलट होते. वस्तू तीच राहते, नावे बदलत जातात. किंवा नाव तेच राहते आणि त्याच्या आड वस्तू बदलते. कचोऱ्याच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार घडलेले आहेत.

प्रथम घरचा कचोरा पाहू. हळद, आंबेहळद, कचोरा, रानहळद ही सारी एकाच गोताची. लिनेयसने १७५३ मध्ये या गोतास दिलेले ‘कुर्कुमा’ हे नाव अरबी ‘कुर्कुम’वरून आले आहे. या गोतात शंभरावर जाती असून त्यांची बहुतेक वस्ती भारतापासून दक्षिण चीनपर्यंतच्या पट्ट्यात आहे. आपली नित्याची हळद बीजावाटे वाढत नाही. ती वांझ आहे. तिचे हळकुंड वा गड्डा माणसाने हाताने लावला तरच ती नव्या शेतात जाते. म्हणून जिथे जिथे हळद पोहोचली, तिथे तिथे कोणीतरी तिला पदराला बांधून नेले, असे खुशाल समजावे.

कचोऱ्याला हळदीचा रंग नाही; त्याचे भांडवल वास आहे. उटण्यात वाळा, नागरमोथा यांच्या पंक्तीला तो बसतो तो त्यामुळेच. आंबेहळदीला कच्च्या कैरीचा वास. मुका मार लागला, पाय मुरगळला, की ती उगाळून, कोमट करून तिचा लेप देण्याची चाल महाराष्ट्रात घरोघर आहे. हीच आंबेहळद बंगळूरच्या बाजारात ‘माविन शुंठी’ म्हणून भाजीच्या टोपलीत बसते आणि तिचे लोणचे घालतात. मराठी गृहिणीने जिला औषधाच्या डब्यात ठेवले, तिला कानडी गृहिणीने जेवणाच्या पानात वाढले! बंगालात कचोऱ्याचे सत्त्व काढून ‘शटी’ या नावाने ते लहान मुलांस व आजाऱ्यांस पचायला हलके अन्न म्हणून देत. म्हणजे एका देशातच एकाच गोताची कामे प्रांताप्रांताला बदलली.

शास्त्रकारांनी मात्र कचोऱ्याला केवळ सुगंधावर बोळवलेले नाही. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त ‘कर्चूर’ हा तिखट-कडू, उष्ण, अग्नी प्रदीप्त करणारा सांगितला असून कुष्ठ, अर्श, व्रण, खोकला, दमा, कृमी आणि गुल्म यांवर त्याची योजना दिली आहे. यांतील ‘गुल्म’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पोटातील गाठीसारखा, वायूने वा रक्ताने धरलेला गोळा तो गुल्म. पुढे चीनमध्ये याच शब्दाची जोडी आपल्याला भेटणार आहे. येथेच नावांचा घोळही सुरू होतो. ‘शटी’ हे संस्कृत नाव काहींनी कचोऱ्यास लावले, तर इतरांनी हिमालयातल्या एका निराळ्याच सुगंधी मुळास. आणि ‘कापूरकाचरी’ हे नावही बाजारात एकाहून अधिक मुळांवर चिकटते. एकाच्या नावावर दुसरे खपवणे हा व्यापाऱ्याचा लबाडपणा दर वेळी असतो असे नाही. कित्येकदा तो कोशकाराचा गोंधळ असतो, आणि तोच अधिक काळ टिकतो.

आता चीनकडे वळू. तेथील वैद्यकात हळदीच्या गोताची तीन द्रव्ये स्वतंत्र नावांनी नांदतात: ज्यांगहुआंग, युजिन आणि अझू. पहिल्याचा अर्थच ‘पिवळे आले’. ती आपली हळद. तांग राजवटीत ६५९ मध्ये राजाज्ञेने सिद्ध झालेल्या औषधिकोशात ज्यांगहुआंग व युजिन यांची नोंद आहे. अझूची नोंद सोंग राजवटीच्या आरंभीच्या, दहाव्या शतकातील काइबाओ कोशात आढळते. पुढे ली शिझेन या महापंडिताने १५७८ मध्ये पुरा केलेल्या व १५९६ मध्ये छापून निघालेल्या ‘बेनत्साओ गांगमू’ या ग्रंथात तिघांचाही परामर्श घेतला आहे. आमच्या मित्राच्या पुडीवरील अक्षरे आम्ही एका जाणत्याकडून वाचून घेतली. ती होती ‘अझू’.

या वर्गीकरणातील एक गोष्ट आम्हांस विशेष लक्षणीय वाटली. सांगलीकडच्या हळद-उत्पादकाला एकाच झाडाखालचे जेठे गड्डे, बगल गड्डे, हळकुंडे आणि सोरा गड्डा हे भेद ठाऊक असतात; पण ते बियाण्याचे व बाजारभावाचे भेद आहेत. चिनी वैद्याने त्याच्या पलीकडे जाऊन गुणाचा भेद केला. या गोताच्या झाडांना मुळांच्या टोकांशी लहान, लांबट गाठी येतात. चिनी वैद्याच्या लेखी गड्डा हे एक औषध आणि मुळाच्या टोकाची गाठ हे दुसरेच. गाठी त्या युजिन, गड्डा तो अझू. युजिन शीतल, चित्त शांत करणारा, यकृताचा अवरोध दूर करणारा. अझू उष्ण, जोरकस, साचलेले फोडून काढणारा. एकाच झाडाच्या मातीखालच्या दोन अवयवांत शीत व उष्ण असा भेद पाहणारी ही दृष्टी बारीक आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

हा अझू म्हणजे नेमका आपला कचोरा काय? येथे मातोश्रींचे नाक बरोबर ठरले आणि किंचित चुकलेही. पूर्वीच्या पुस्तकांतून अझूला कचोऱ्याचेच शास्त्रीय नाव लावलेले असे. पुढे चिनी वनस्पतिशास्त्रज्ञांनी बारकाईने तपास केला, आणि आज तेथील अधिकृत औषधकोशात अझू म्हणून तीन जाती मान्य आहेत: एक मुख्यत्वे सिच्वानमधील, दुसरी जिच्या नावातच ग्वांगशी प्रांत आहे ती, आणि तिसरी झेज्यांगमधील वेनझोउ नगराच्या नावाने ओळखली जाणारी. तिघी कचोऱ्याच्या सख्ख्या चुलत बहिणी. पण कचोरा स्वतः त्या यादीत नाही. वास सारखा, गोत एक, व्यक्ती मात्र निराळी.

कंद हिवाळ्यात, पाने वाळून गेल्यावर खणतात. धुऊन, आतपर्यंत शिजतील असे उकडतात वा वाफवतात आणि मग वाळवतात. हे वाचून आम्हांस हळद शिजवण्याच्या काहिली आठवल्या आणि सांगलीजवळच्या हरिपूरची पेवेही. जमिनीच्या पोटातली ती कोठारे, ज्यांतील पुष्कळशी २००५ च्या महापुराने निकामी केली. इकडे शिजवलेली हळद घासून-रंगवून बाजारात जाते; तिकडे अझूवर आणखी एक संस्कार होतो. तो सिरक्यात शिजवतात. आंबट रस यकृताकडे जातो, असा चिनी वैद्यकाचा सिद्धांत आहे. सिरक्याच्या संस्काराने औषध यकृतात उतरते आणि वेदनाशमनाचा गुण वाढतो, असे ते मानतात. आपल्याकडील शोधन-भावनांच्या संस्कारांशी परिचित असलेल्या वाचकास ही रीत परकी वाटणार नाही.

अझूचे मुख्य कर्म चिनी ग्रंथ दोन शब्दांत सांगतात: ‘रक्त फोडणे’ आणि ‘छी चालती करणे’. छी म्हणजे देहात संचार करणारी चेतना. आपल्या प्राणवायूच्या कल्पनेशी तिचे दुरून नाते लागते. छी अडली की रक्त साचते, रक्त साचले की गाठ धरते, हा त्यांचा कार्यकारणभाव. म्हणून स्त्रियांचा अडलेला विटाळ, पोटातले गोळे, अन्न साचून आलेली पोटफुगी व दुखणे, यांवर अझू. हे आपल्या ‘भावप्रकाशा’तील गुल्माहून कितीसे दूर आहे? दोन देशांतील वैद्यांनी बहिणी-बहिणी असलेल्या दोन कंदांकडे पाहिले आणि दोघांनीही पोटातल्या गाठीकडे बोट दाखवले.

चिनी वैद्य अझूला एकटा धाडत नाहीत. सानलंग नावाच्या पाणथळ जागेतील वनस्पतीचा कंद हा त्याचा ठरलेला जोडीदार. झांग शीचुन (१८६०–१९३३) या विख्यात वैद्याने या जोडीची थोरवी गायिली. परंतु तीबरोबर बल देणारी औषधे घालण्याचा परिपाठही त्यानेच ठेवला. त्याच्या एका प्रसिद्ध योगात या दोन फोडणाऱ्या द्रव्यांस बल्य मुळांची सोबत दिलेली आहे. घर पाडायचे ते भिंतींना टेकू देऊन, असा हा हिशेब. गर्भवतीला अझू देऊ नये, हा निषेध तर आजच्या अधिकृत कोशातही कायम आहे. मात्राही मोजकी, ६ ते ९ ग्रॅमची, ठरवून दिलेली आहे. ‘शेवटी हळदच की ती’ असे म्हणून मूठभर चकत्या भांड्यात टाकण्याचे हे द्रव्य नव्हे.

आता या इतिहासातील जो धागा सापडल्यावर आमची रात्रीची झोप उडाली, तो सांगतो. ली शिझेनने अझूच्या प्रकरणात वांग झीझोंग या पूर्वीच्या वैद्याचा अनुभव उद्धृत केला आहे. हा वांग आपल्या १२२० मधील सूचिकर्मावरील ग्रंथासाठी प्रसिद्ध. त्यास पोटदुखीने दीर्घकाळ छळले होते. नेहमीच्या औषधांनी पोट उलट अधिकच फुगे. शेवटी त्याने अझूचा कंद कणकेत गुंडाळून भाजला, त्याचे चूर्ण पाणी, मद्य व सिरका यांत उकळून घेतले आणि तत्काळ गुण आला. हा उपाय त्याने घेतला कोठून? ‘छीयू’ने लिहून ठेवलेला म्हणून. छीयू हे आपल्या जीवकाच्या नावाचे चिनी रूप आहे! राजगृहाचा जीवक, बुद्धाचा वैद्य, तक्षशिलेचा विद्यार्थी. गुरूने ज्याला सांगितले की योजनभर फिरून औषधी नसलेली एक तरी वनस्पती घेऊन ये, आणि जो रिकाम्या हाताने परतला, तोच हा जीवक.

तो उपाय खरोखर जीवकाने सांगितला, असे आम्ही म्हणणार नाही. मोठ्या नावाच्या आश्रयाला पुष्कळ योग जातात, आणि जीवकाच्या नावावर चिनी भाषेत उपायसंग्रह चालत असत. परंतु सोंगकालीन चिनी वैद्याला हळदीच्या या भावंडाचा उपाय एका भारतीयाच्या नावाने सांगावासा वाटला, ही गोष्ट काही लहान नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर सूत्रे गेली तशी औषधांची माहितीही गेली. नालंदेत राहिलेला इत्सिंग सातव्या शतकाच्या अखेरीस लिहितो, की चीनमधली जिनसेंगसारखी औषधे भारतात मिळत नाहीत, आणि भारतात हिरडा मुबलक आहे. त्या काळच्या प्रवाशांना कोणाकडे काय आहे याची मोजदाद ठेवणे जगण्यासाठी आवश्यक होते. परदेशी आजारी पडलेल्या माणसाचे ते टिपण आहे.

उलट दिशेचा प्रवाह पाहायचा तर गोव्यास जावे लागते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती, म्हणजे मराठी मुलुखाचा त्याला प्रत्यक्ष परिचय होता. त्याचा भारतीय औषधींवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात कचोऱ्यावर स्वतंत्र संवाद आहे, आणि दख्खन व कोकणी लोकांत चालणारे ‘कचोरा’ हे नाव त्याने नोंदवले आहे. त्याचा वाद असा, की युरोपच्या बाजारात अरबी ‘जदवार’च्या नावाने जे मूळ विकले जाते ते खरे जदवार नव्हेच. खरे जदवार दुर्मिळ व महाग असून चीनच्या सरहद्दीकडील मुलखात होते आणि येथे ते फिरत्या जोग्यांपाशी क्वचित मिळते. चारशे साठ वर्षांपूर्वी गोव्यातला एक वैद्य नेमक्या त्याच प्रश्नाशी झगडत होता, जो इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या स्वयंपाकघरात आम्हांपुढे आला: चीनकडून आलेले हे मूळ आणि आपला कचोरा एकच की निराळे? चीनहून आलेली दुसरी एक मुळी, चोपचिनी, त्याच शतकात फिरंगरोगावरील उपाय म्हणून गोव्यात उतरली होती, आणि भावमिश्राने तिला ‘द्वीपांतरवचा’ म्हणून संस्कृतात सामावूनही घेतले. ज्ञानाला परदेशी म्हणून हाकलण्याची रीत त्या पंडितांत नव्हती. ती ओर्ताच्या धर्मसत्तेत होती. मरणानंतर, १५८० मध्ये, तो गुप्त यहुदी असल्याचे ठरवून त्याची हाडे उकरून जाळण्यात आली.

पुढच्या शतकात कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापला गेला. मलबारी वैद्य इट्टी अच्युदन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही त्या कामात होते. १६७५ सालचे त्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. गोव्यातून परागंदा झालेल्या समाजातली ही माणसे. घर सुटले, पण औषधांची ओळख सुटली नाही. या ग्रंथाच्या अकराव्या खंडात कचोरा ‘कुवा’ या मलयाळी नावाने चित्रासह आला आहे. मराठी मुलुखाबाहेर बसून हा अंक वाचणाऱ्यांस त्या तिघांविषयी जवळीक वाटावी, असे आम्हांस वाटते.

विसाव्या शतकात या कंदांच्या इतिहासाने प्रयोगशाळेत प्रवेश केला. हळदीचे महत्त्व तिच्या पिवळ्या द्रव्यात, तर अझूचे त्याच्या सुगंधी तेलात. त्या तेलातील एलेमीन हे द्रव्य वेनझोउच्या जातीपासून वेगळे काढून चीनमध्ये कर्करोगावरील पूरक औषध म्हणून मान्य झाले आहे. इतर देशांनी त्यास तशी मान्यता दिलेली नाही. त्यांना अधिक कसोशीच्या चाचण्यांचा पुरावा हवा आहे. ‘गाठ फोडणारे’ या जुन्या शब्दाने संशोधकांना दिशा दाखवली असेल. पण दिशा म्हणजे मुक्काम नव्हे.

आपल्याकडे याच सुमारास निराळा झगडा झाला. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाबद्दल १९९५ मध्ये अमेरिकेत एक पेटंट देण्यात आले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, गोव्यातील माशेल येथे जन्मलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, त्यास आव्हान दिले, जुने ग्रंथ व लेख पुराव्यादाखल मांडले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. घरोघरच्या आज्यांना ठाऊक असलेली गोष्ट सिद्ध करण्यास छापील कागद लागला. त्या अनुभवातूनच २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय भांडार रचण्यास आरंभ झाला. कागद महत्त्वाचा, हे आपण शिकलो. पण कागदावरचे नाव आणि हातातले मूळ यांची गाठ घालून देणारे नाकही तितकेच महत्त्वाचे आहे, हे विसरून चालणार नाही.

आता पुडीचे काय झाले ते सांगून हा लेख संपवितो. एवढे सारे वाचून आम्ही मित्राकडे गेलो आणि बोलता बोलता विचारले, “आईंना दुसरे काही औषध चालू आहे काय?” तेव्हा कळले, की हृदयविकारानंतर गेली दोन वर्षे त्या रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. आमच्या अंगावर काटा आला. ज्या मुळाचा पहिला गुण शतकानुशतके ‘रक्त फोडणारे’ असा लिहिला गेला, ते या गोळीबरोबर उकळून घेणे! आजचे डॉक्टरही अशा गोळ्यांबरोबर हळदीच्या गोतातील अर्क परस्पर घेऊ नयेत, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, असे बजावतात. मित्राने तिथल्या तिथे डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी पुडी बंद ठेवण्यास सांगितले.

मातोश्री मात्र मुळीच गांगरल्या नाहीत. “मी म्हटलंच होतं, हा पोटात घ्यायचा नव्हे,” असे म्हणून त्यांनी पुडी मुलाकडून काढून घेतली. त्यांचे कारण उटण्याचे होते, डॉक्टरांचे रक्ताचे, आणि आमचे पुस्तकी. पण तिन्ही वाटा एकाच उंबऱ्याशी आल्या. परंपरेचा आदर म्हणजे तिच्यातील सारे उपाय गिळणे नव्हे. तिने उपायांच्या शेजारी जे निषेध लिहून ठेवले, त्यांचाही तो आदर आहे. उपाय प्रवास करतात तेव्हा निषेध बहुधा मागे राहतात. चिनी सहकाऱ्याने सद्भावाने पुडी दिली, तिच्याबरोबरचे ‘कोणाला देऊ नये’ हे वाक्य तेवढे सीमेपलीकडे राहिले.

त्या घराच्या सज्जात, मेट्रोच्या पुलाकडे तोंड करून, एका कुंडीत आंबेहळद लावलेली आहे. सांगलीहून बंगळूरला येताना मातोश्रींनी तिचा गड्डा पदराला बांधून आणला होता.